उसन्या खुर्च्या

त्या बुधवारी सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. बिजागऱ्या कुरकुरत होत्या, ओठ फुटत होते आणि गल्लीतला कागदाचा कपटा एका जागी ठरत नव्हता. असा वारा खुर्ची विणणाऱ्याच्या मुळावरच येतो. वेताची पट्टी ओली आहे तोवर म्हणाल तशी वळते. वाळली की काडकन मोडते. म्हणून वेतवाल्याने उठल्या उठल्या घरापुढच्या दुकानात टबात कोमट पाणी ओतलं, पट्ट्यांची वेटोळी त्यात बुडवली, तरंगू नयेत म्हणून वर फळी ठेवली आणि भिजेपर्यंत थांबायचं म्हणून तो स्टुलावर बसला. बसला तो फोन घेऊनच.

दाढी करून होईल एवढा वेळ वेत भिजला की पुरे. त्याहून जास्त भिजला तर पट्टी काळवंडते, तिच्या कडांचे धागे सुटतात आणि मग ते बसणाऱ्याच्या कपड्यांना धरतात. वेतवाल्याला हे कुणी सांगायला नको. उभ्या पट्ट्या, आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, शेवटी दोन्ही बाजूंनी तिरप्या, हे त्याने उभा जन्म केलं होतं. डोळे मिटून केलं असतं. पण हल्ली त्याचे डोळे मिटलेलेही नसत आणि वेतावरही नसत.

फोनवर तो काही वेडंवाकडं बघत नव्हता, हीच तर पंचाईत होती. पाय जमिनीला लागायच्या आधी तो उगवत्या सूर्याच्या चित्रावर बायबलातलं एक वचन लावून तीन प्रार्थना-गटांत पाठवायचा. मग ‘आमेन’ यायला लागायचे. एकाचं आमेन आलं की दुसऱ्याचं का नाही आलं ते बघायचं. मग विनंत्या. कुणाची नोकरी, कुणाचा व्हिसा, कुणाचं घरभाड्याचं भांडण, कुणाच्या कुत्र्याचं दुखणं. प्रत्येकाला जोडलेले हात आणि खाली ‘प्रार्थनेत आहे’. हे त्याने इतक्या वेळा लिहिलं होतं, की नुसता ‘प्र’ दाबला तरी फोन पुढचं आपणच लिहून मोकळा व्हायचा.

फोनवर पत्ते कुटणाऱ्याला बोलता येतं, नको ते बघणाऱ्याची चामडी लोळवता येते. पण माणूस देवाचं नाव घेत बसलाय म्हटल्यावर बोलणाराच अधर्मी ठरतो. त्यामुळे त्याला बोलणारं जगात एकच माणूस उरलं होतं. ते त्याच्याच घरात राहत होतं आणि दवाखान्यात मलमपट्टीचं काम करत होतं.

“वेत कधी टाकलाय?” बायकोने केस विंचरता विंचरता आतून विचारलं.

“आत्ताच.”

“तुमचं आत्ताच म्हणजे? माझी आंघोळ झाली, डबा भरून झाला, कपडे वाळत घालून झाले.”

“अगं, त्या बाईच्या मुलाचं ऑपरेशन आहे. तिला चार ओळी नकोत लिहायला?”

“कुठल्या बाईच्या?”

“ती परदेशातली. गटातली.”

“मुलाचं नाव काय?”

वेतवाला अंगठ्याने पडदा वरखाली करायला लागला.

“राहू द्या,” बायको चपला घालत म्हणाली. “देवाला ठाऊक असेल. आणि संध्याकाळी मावशीकडे जायचंय हे तरी आहे ना डोक्यात? मला आज जोडून रात्रपाळीही आहे, मी नाही. तुम्ही वेळेवर जा. म्हातारी सोमवारपासून झाडतेय.”

“मीच सांगितलंय तिला,” वेतवाला म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

ही मावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा तो चौथीत होता; मावशीने त्याला घरी आणलं. तिचा नवरा खुर्च्या विणायचा, त्याने हाताला धरून काम शिकवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी ह्याला उचलून धरणारीही तीच, आणि प्रार्थनेत डोळे उघडले तर डोक्यात टप्पल मारणारीही तीच. आता ती तीन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत एकटी राहत होती. तिच्याकडे बटणांचा जुना फोन होता. त्याला ती डबडं म्हणायची आणि डबड्यासारखंच वागवायची.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत बुधवारच्या घरप्रार्थनेची जुनी रीत होती. दर बुधवारी एक घर. ज्याची पाळी त्याने खोली आवरायची, खुर्च्या मांडायच्या, कपभर चहा करायचा. बाकीच्यांनी चालत यायचं. प्रार्थना संपताना प्रमुखाने उभं राहून त्या घराला आशीर्वाद मागायचा, की बाबा, ह्या छपराने आज आम्हाला आसरा दिला, ह्याच्यावर तुझा हात असू दे. तापाच्या साथीच्या वर्षात सगळे घरोघरी कोंडले गेले तेव्हा ही प्रार्थना फोनवर आली. साथ गेली, प्रार्थना फोनवरच राहिली. कधी पाऊस, कधी कुणाची कंबर, कधी उशीर. कुणाला न दुखवता जमत होतं. गाव सोडून गेलेले लोकही जोडले गेले, दहाचे पन्नास झाले, आणि चर्चच्या पाळकांनी वेतवाल्याला प्रार्थनाप्रमुख केलं. मूळचा खालमानेने विणणारा माणूस. पन्नास माणसं आपल्यासाठी थांबतात हे त्याला जन्मात पहिल्यांदाच कळत होतं. ते त्याला आवडलं, ह्यात नवल काय?

मावशी मात्र दर रविवारी मंडळीच्या देवळाच्या पायरीवर त्याला अडवायची. “माझी पाळी कधी रे? का माझ्या जिन्याला पायऱ्या जास्त झाल्या?” शेवटी त्या रविवारी त्याने सांगून टाकलं होतं, “ह्या बुधवारी तुझ्याकडे. सगळे येतो.” गटातही त्याने तसं कळवलं होतं. मावशीच्या स्वतःच्या खुर्च्या दोन. बाकीच्या तिने जिना उतरून-चढून शेजारीपाजारी मागून आणल्या.

इकडे दुपार टळता टळता परदेशातल्या बाईचा निरोप आला. ऑपरेशन अलीकडे ओढलं होतं. ‘भाऊ, आत्ता नेत आहेत त्याला. आत्ता प्रार्थना करा.’ वेतवाल्याला त्या पोराची काळजी खरंच वाटली. त्याने हातातली पट्टी टाकली आणि तिन्ही गटांत लिहिलं, ‘आजची प्रार्थना ताबडतोब. सर्वांनी फोनवर या.’ सगळे आले. एवढे कधीच आले नव्हते. वेतवाल्याने दुकानाचं दार लोटून घेतलं, फोन खुर्चीच्या पाठीला टेकवला आणि असा काही प्रार्थनेला लागला की पडद्यावरच्या चौकोनांतल्या बायका डोळे पुसू लागल्या. शेवटी तो सवयीने उभा राहिला. बुधवारचं घर कुणाचं, हेही सवयीने त्याच्या तोंडी होतं. “प्रभू, आमच्या मावशीच्या ज्या घराने आज आम्हाला आसरा दिला, त्या घराला, त्या उंबऱ्याला, तिथे मांडलेल्या एकेका आसनाला तू आशीर्वाद दे.”

पन्नास तोंडांतून आमेन आलं. आपण त्या घरात नाही, हे पन्नासांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्या देऊन आली ती सरळ दुकानात. पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, “काल किती जण गेले होतात मावशीकडे?”

वेतवाल्याचा हात भोकातल्या पट्टीवर थांबला. त्याचं तोंड बघूनच तिला उत्तर मिळालं.

“खुर्च्या अजून गोल मांडलेल्या आहेत,” ती म्हणाली. “उचलू देत नाही. चहाचं आधण किती वेळा गरम केलं, ते विचारू नका. खालची शिंपीण तुमच्या त्या गटात आहे ना, तिनेच सकाळी जिन्यात सांगितलं, की मावशी, काय सुंदर आशीर्वाद मागितला हो तुमच्या घराला! तेव्हा कुठे म्हातारीला पत्ता लागला.”

“मग? काय म्हणाली?”

“म्हणाली, आशीर्वाद आला असेल, मला जिन्यात पावलं ऐकू आली नाहीत.” बायकोने आता पिशवी ठेवली. “आणि पाळकांना निरोप दिलाय. माझं घर बुधवारच्या पाळीतून काढा, आणि रविवारी मी यायची नाही. जिथे मी नसले तरी चालतं, तिथे मी कशाला?”

ही शेवटची गोष्ट वेतवाल्याला लागली. मावशीने रविवार चुकवलेला कुणी पाहिला नव्हता. नवरा गेला त्या आठवड्यातही ती बाकावर ताठ बसलेली होती. ती यायची थांबली, तर ती हट्टाने थांबेल. हट्टाने थांबली, तर जिना उतरायचंच सोडेल. आणि म्हातारं माणूस एकदा जिना उतरायचं थांबलं की पुढचं सांगायला वैद्य लागत नाही. ह्यात तिला लोटणारा कोण, तर ज्याला तिने लहानाचा मोठा केला तो.

त्याने काय करावं? फोन उचलला. गटात मोठा आवाजी निरोप टाकला. माझ्याकडून चूक झाली, मला क्षमा करा, मी धुळीसमान आहे. क्षणात जोडलेले हात आले, रडकी तोंडं आली, ‘भाऊ, तुमची नम्रता बघून डोळे भरले’ आलं. परदेशातल्या बाईने लिहिलं, मुलगा शुद्धीवर आला, तुमच्यामुळे. वेतवाल्याला खरंच हलकं वाटायला लागलं. खुर्ची ओढून तो पुढची पट्टी ओवायलाही लागला.

बायको दारात उभी राहून सगळं बघत होती.

“मावशी आहे का ह्या गटात?” तिने विचारलं.

शुक्रवारी सकाळी तो गेला. दार उघडंच होतं. सबंध खोलीत खुर्च्यांचं कडं: शिंपिणीच्या दोन लाकडी, न्हाव्याच्या दोन लोखंडी, एक पाळकांच्या घरची उंच पाठीची, आणि मावशीच्या वेताच्या दोन, त्यानेच विणलेल्या. कड्याच्या बाहेर, खिडकीपाशी, पालथ्या डब्यावर मावशी बसली होती.

तो एका खुर्चीकडे वळला तशी ती म्हणाली, “बसू नको. त्या माणसांसाठी मांडल्यात.”

“मावशी, चुकलं माझं.”

“कळलं. गटात माफी मागितलीस म्हणे. शिंपिणीने ऐकवली मला. आवाज बरा लागला होता.”

“अगं, त्या पोराचं ऑपरेशन होतं. जिवावरचं. मला तेवढ्यात दुसरं काही सुचलं नाही.”

“पोरासाठी प्रार्थना केलीस ते कोण वाईट म्हणतंय? इथे येऊन केली असतीस तर देवाला कमी ऐकू आली असती?” मावशीने पदराने चष्मा पुसला. “मीही केली असती. माझ्याही तोंडाला काही कुलूप नाही. पन्नास जणांना हाक मारलीस, मला मारायचं राहिलं. हे डबडं आहे ना माझ्याकडे. बटण दाबलं की वाजतं ते.”

वेतवाल्याच्या खिशातला फोन नेमका तेव्हाच थरथरला. त्याचा हात आपसूक तिकडे गेला, आणि मावशीने तो हात जाताना पाहिला.

“बघ, बघ. कुणीतरी बोलावतंय.”

“नाही बघत.”

“मला एक सांग,” ती म्हणाली, “आपला प्रभू ह्या जगात आला, तो कसा आला? वरून निरोप पाठवून भागवता आलं असतं त्याला. त्याच्याइतकी सोय कुणाकडे होती? तरी आला. गोठ्यात आला, पायी हिंडला, लोकांच्या घरी जाऊन जेवला. त्याला वरून खाली यायला जड झालं नाही, आणि तुला तीन गल्ल्या जड झाल्या?”

 

“मी काय करू, ते सांग,” तो म्हणाला.

“खुर्च्या पोचव. ज्याच्या त्याला. माझ्याच्याने पुन्हा जिना होत नाही. आणि लोक विचारतील, कशी झाली प्रार्थना. तर तोंडाने सांग, काय झालं ते. लिहून नको.”

म्हणून मग गल्लीने पाहिलं, की वेतवाला डोक्यावर खुर्ची घेऊन भर सकाळी फिरतोय. त्यात कुणाला विशेष वाटलं नाही. खुर्च्या वाहणं त्याचा धंदाच होता.

खालच्या मजल्यावर शिंपिणीने दार उघडलं. आपण ज्या खुर्च्या दिल्या त्या वरच होत्या, आणि आपण खाली फोनवर, हे तिला एव्हाना उमगलं होतं. ती ओशाळून नको तितकं बोलायला लागली. बोलता बोलता म्हणाली, “आणि भाऊ, एक सांगू का? माझ्या गुडघ्यासाठी तुम्ही रोज सकाळी प्रार्थना टाकता ना, तो बरा होऊन जमाना झाला हो. आता खांदा धरलाय.”

“मग सांगायचं नाही का?”

“तुम्ही एवढं मनापासून मागत होतात. मध्येच कसं तोडायचं?”

न्हाव्याकडे गिऱ्हाईक बसलेलं होतं. लोखंडी खुर्च्या भिंतीला लावता लावता वेतवाल्याने काय झालं ते सांगितलं. न्हाव्याने वस्तरा हवेत धरून ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मी तर दाढी करता करताच जोडला होतो. तुम्ही आशीर्वाद मागितला तेव्हा माझ्या हातात एकाचा गळा होता. आमेन म्हणताना जपूनच म्हणालो.” गिऱ्हाईक हसलं, न्हावीही हसला. मग वस्तरा पुसत तो खालच्या आवाजात म्हणाला, “मावशी येणार नाही म्हणतेय, ते खरं का?”

“खरं.”

“हे काही बरं नाही झालं,” न्हावी म्हणाला, आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळला.

सगळ्यात जड पाळकांची खुर्ची. दार पाळकांनीच उघडलं आणि खुर्ची बघून ते बुचकळ्यात पडले. “ही आपली खुर्ची?” ती त्यांच्या बायकोने दिली होती, त्यांना पत्ताच नव्हता. वेतवाल्याने सांगायला सुरुवात केली तशी त्यांच्या चेहऱ्यावरची पाळकाची शांती हळूहळू गळत गेली. त्यांनी वेतवाल्याला त्याच खुर्चीवर बसवलं, स्वतः चपलांच्या फळीवर टेकले.

“मावशीचा निरोप आल्यापासून मी रविवारचा उपदेश बदलत होतो,” ते म्हणाले. “रुसू नये, ह्यावर.”

“चांगलाच विषय आहे.”

“आमेन मीही म्हणालो होतो ना त्या आशीर्वादाला,” पाळक म्हणाले. “पायात मोजे चढवून बसलो होतो, मावशीकडे निघायचं म्हणून. तुमचा निरोप आला, मोजे काढले. बरंच वाटलं मला. थंडी होती.” ते थोडा वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले. “आता दुसरा विषय काढला पाहिजे.”

वेतवाला परत जिना चढून वर आला तेव्हा ऊन खिडकीतून खोलीच्या मध्यावर आलं होतं. मावशी आता तिच्या स्वतःच्या वेताच्या खुर्चीत बसली होती. दुसरी रिकामी होती.

“बसू का?”

“बस. काय म्हणाले लोक?”

त्याने सांगितलं. गुडघ्याचं ऐकून मावशीचं पोट हलायला लागलं. हसू ती दाबत होती, ते दाबलं जात नव्हतं. मोज्यांचं मात्र तिला हसू आलं नाही. ती म्हणाली, “खरं बोलला बिचारा.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही. वेतवाल्याला सवय नव्हती. हात दोनदा खिशाकडे जाऊन आले. मावशी खाली रस्त्यावर बघत होती. कुणीतरी ठोकठोक करत होतं, कुणाचं तरी बाळ रडून गप्प झालं. मावशीच्या घोट्यांना सूज होती, ती त्याने आज पाहिली. किती दिवसांची ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि रोज सकाळी पन्नास जणांना आरोग्य मागणाऱ्या माणसाला ते विचारायला जरा जडच गेलं. तरी त्याने विचारलं. बऱ्याच दिवसांची, ती म्हणाली.

“रविवारी येशील?” शेवटी तो म्हणाला.

“बघू.”

“मी न्यायला येतो.”

“मग वेळेवर ये. आणि येणाऱ्या बुधवारी खुर्च्या परत लागतील. त्याही तूच आणायच्या.”

“आत्ता तर पोचवल्या!”

“मग? बुधवारपर्यंत काय मांडून ठेवू?”

रविवारी ती आली. वेतवाल्याच्या दंडाला धरून, प्रत्येक पायरीवर थांबून, आणि उशीर त्याच्यामुळे झाला असं दारातच चारचौघांना सांगून. पाळक काय बोलले ते सोडून द्या. थोडक्यात बोलले, हे सगळ्यांना आवडलं.

सगळं काही एकदम सुतासारखं सरळ झालं, असं मात्र नाही. वेतवाल्याने गटात लिहिलं, की बुधवारची प्रार्थना आता ज्याच्या त्याच्या घरी, चालत येऊन. तेवढा वेळ फोन बंद. लगेच दुखावलेले निरोप आले. दूर राहणाऱ्यांनी काय करायचं? ज्याला चालवत नाही त्याने काय करायचं? परदेशातल्या बाईने लिहिलं, ‘भाऊ, मग आमचं कोण?’ ह्यावर वेतवाला दिवसभर अडखळला, कारण ती चुकीचं बोलत नव्हती. संध्याकाळी दुकान झाकल्यावर त्याने तिला फोन लावला, लिहिलं नाही. पहिलं विचारलं ते मुलाचं नाव. ती नाव सांगून रडली, मग मुलाला आता कायकाय खायला चालतं ते सांगत बसली. शनिवारी संध्याकाळी तिला फोन करायचं ठरलं, तिचं आणि तिच्यासारख्या दोघीतिघींचं. दोन गट त्याने दुसऱ्यांच्या हवाली केले. एक ठेवला. सकाळचं सूर्याचं चित्र बंद झालं तेव्हा कुणीतरी चौकशी करेल असं त्याला वाटत होतं. कुणी केली नाही. ते त्याला थोडं झोंबलं. बायकोने ते ओळखलं आणि, ही तिची मेहेरबानी, ती काही बोलली नाही.

बुधवारी मावशीकडे सहा माणसं आली, मावशी आणि वेतवाला धरून. पाळक मोजे घालून आले. शिंपीण खांद्याला शेक घेऊन आली. न्हाव्याने दुकान लवकर बंद केलं आणि तसं दोनदा सांगितलं. मावशीने खुर्च्यांवर नजर फिरवली. “पन्नास होते म्हणत होतास.”

“होते.”

“असू दे. पन्नासांना चहा पुरला नसता.”

प्रार्थना लांबली नाही. शिंपिणीच्या खांद्यासाठी झाली, परदेशातल्या मुलासाठी नाव घेऊन झाली, मावशीच्या घोट्यांसाठी झाली, आणि मध्ये कुणाला काही सुचेना तेव्हा सगळे नुसतेच बसले. शेवटी वेतवाला उभा राहिला, पण घराला आशीर्वाद मागायच्या आधीच मावशी म्हणाली, “मागच्या वेळचा आहे अजून. तोच वापरायचाय. बस खाली, चहा निवतोय.”

गुरुवारी वेतवाला लवकर दुकानात आला. वकिलाच्या ऑफिसातली खुर्ची अर्धी सोलून पडली होती. जुना वेत काढला होता, पण चौकटीच्या भोकांत कुणीतरी कधीकाळी डिंकासारखा चिकट सरस भरून ठेवला होता. तो निघाल्याशिवाय नवी पट्टी शिरत नाही. वेतवाल्याने खुर्ची मांडीवर पालथी घेतली, अणकुचीदार टोच्या हातात घेऊन पहिल्या भोकात घातला, फिरवला, फुंकर मारली, आणि दुसऱ्या भोकाकडे वळला.